राउटरची पारख : वसतिगृहातील वायफाय अडते तेव्हा

निवासी शाळेचे दैनंदिन जीवन पूर्वी तीन गोष्टींवर चाले : पाणी, वीज आणि कोठारातील धान्य. गेल्या काही वर्षांत त्यांत इंटरनेटच्या जोडणीची भर पडली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून भरावा लागतो. अकरावीचा प्रवेश असो वा सामाईक प्रवेश परीक्षेची नोंदणी, कोणतेही काम आता केवळ कागदावर पुरे होत नाही. ज्या घरात दोन-तीन मोबाईल आणि वेगळी जोडणी आहे, तेथे एक बंद पडली तर फारसे बिघडत नाही. वसतिगृहात मात्र शेकडो मुलांमागे एकच जोडणी असते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी ती अडली, तर एखाद्या मुलाचे वर्ष अडते. त्याच्या घरात दहावीच्या पुढे जाणारा तो पहिलाच असेल, तर त्या वर्षाची किंमत किती, हे ह्या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

जोडणी अडली की सर्वत्र एकच उपचार होतो. राउटर बंद करून पुन्हा सुरू करायचा. तेवढ्याने भागले नाही तर केबलवाल्याला दूरध्वनी करायचा. तो दोन दिवसांनी येतो आणि नवा राउटर घेण्याचा सल्ला देतो. आम्ही काही माजी विद्यार्थी सुटीच्या दिवशी वसतिगृहांतील संगणक कक्षांची देखभाल पाहत असतो. आमचा अनुभव असा की, 'गेलेल्या' म्हणून कपाटात टाकलेल्या राउटरांपैकी कित्येक यंत्रे धडधाकट असतात. काहींचा केवळ ॲडाप्टर थकलेला असतो, तर काहींच्या पोटातील आज्ञावली जुनी झालेली असते. ही आज्ञावली बदलता येते आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र ती बदलल्यावर काही नव्या अडचणीही येतात. त्या अडचणी कोणत्या, त्यांचे कारण कसे शोधावे आणि ती कशा दूर कराव्यात, हे क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

यंत्राच्या पोटातील आज्ञावली

राउटर हा वस्तुतः एक लहानसा संगणक आहे. त्यात प्रक्रियक असतो, स्मृती असते आणि ह्या सर्वांना कामाला लावणारी एक कायमची साठवलेली आज्ञावली असते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. राउटर बनवणारी कंपनी ही आज्ञावली काही वर्षे सुधारत राहते आणि मग नवे यंत्र बाजारात आले की जुन्याकडे पाठ फिरवते. यंत्र चालतच राहते, परंतु त्यातील उणिवा बुजवणारे कोणी उरत नाही. २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या घातक आज्ञावलीने ५४ देशांतील सुमारे पाच लाख राउटर व तत्सम उपकरणे बाधित केल्याचे उघडकीस आले. सुधारणा न मिळालेली जुनी यंत्रे अशा हल्ल्यांना सर्वांत आधी बळी पडतात.

ह्यावर उपाय निघाला तो काहीसा योगायोगाने. लिंक्सिस ह्या कंपनीने २००२ च्या अखेरीस 'डब्ल्यूआरटी ५४ जी' हा राउटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. ह्या राउटरचे फर्मवेअर लिनक्सवर आधारलेले असल्याचे काही जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्सचा परवाना असे बजावतो की, त्यावर बेतलेली वस्तू जो विकेल त्याने तिचा मूळ स्रोतही खुला केला पाहिजे. त्यानुसार २००३ मध्ये कंपनीला तो स्रोत प्रसिद्ध करावा लागला. त्यातून २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नावात त्या मूळ राउटरचे नाव आजही टिकून आहे. पुढे 'डीडी-डब्ल्यूआरटी' आणि 'टोमॅटो' ही भावंडे आली. २०१६ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या काही कार्यकर्त्यांनी 'लीड' नावाचा वेगळा संसार थाटला, आणि २०१८ मध्ये दोन्ही पुन्हा एकत्र झाले. आज शेकडो प्रकारच्या राउटरांवर हे फर्मवेअर चालते. कंपनीने हात वर केल्यानंतरही जगभरातील स्वयंसेवक त्यातील उणिवा बुजवत राहतात. लिनक्सच्या त्या परवान्यामुळे एका जुन्या यंत्राला दुसरे आयुष्य लाभते, ते असे.

आधी बिघाडाचा पत्ता

फर्मवेअर बदलण्यापूर्वी, आणि बदलल्यानंतरही, पहिला प्रश्न एकच असतो : अडले कोठे? नळाला पाणी आले नाही तर आपण टाकी पाहतो, मग जलवाहिनी, मग नळ. इंटरनेटचेही तसेच तीन टप्पे आहेत. पहिला, सेवा देणाऱ्यापासून आपल्या भिंतीवरील फायबरच्या मोडेमपर्यंत. दुसरा, मोडेमपासून राउटरपर्यंत. तिसरा, राउटरपासून हातातील मोबाईल वा संगणकापर्यंत.

टप्प्यांचा हा विचार आपल्याच परिसरातील एका प्रयोगाच्या मुळाशी आहे. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागाने पालघर परिसरातील खेड्यांत 'ग्राममार्ग' हा प्रकल्प राबवला. सरकारी फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येऊन थांबते. पाडे तेथून दूर असतात. ह्या मधल्या टप्प्यासाठी दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या लहरींचा उपयोग करावा आणि पाड्यात पोहोचल्यावर वायफाय द्यावे, अशी ती कल्पना होती. २०१७ मध्ये मोझिला ह्या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत ह्या प्रकल्पाला पारितोषिक मिळाले. तेथील बोध वसतिगृहालाही लागू पडतो : संपूर्ण जोडणीवर एकदम संशय घेऊ नये, जो टप्पा तुटला आहे, नेमका तोच शोधावा.

शोधण्याची रीत साधी आहे. मोडेमवरील लाल दिवा लागलेला असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. राउटरला हात लावण्यात अर्थ नाही, सेवा देणाऱ्यालाच कळवावे. लाल दिवा नसेल, तर एक संगणक वायरने राउटरला जोडावा. वायरने इंटरनेट चालते आणि वायफायने चालत नाही, तर दोष तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे हवेत आहे. वायरनेही चालत नसेल, तर संगणकावरून 'पिंग' ही आज्ञा देत एकेक पायरी चढावी. प्रथम राउटरचा स्वतःचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१. (हे आकडे संगणकात इंग्रजी अंकांनीच लिहावेत.) तेथून उत्तर आले, तर राउटर जिवंत आहे. मग बाहेरील एखादा सर्वज्ञात पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८. तेथूनही उत्तर आले, तर जोडणी जगापर्यंत पोहोचते आहे. आणि एवढे होऊनही संकेतस्थळ नावाने उघडत नसेल, तर दोष नावाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या व्यवस्थेत, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. राउटरमध्ये डीएनएसचा दुसरा पत्ता भरला की ही अडचण मिटते. ह्या चार पायऱ्यांना पाच मिनिटे लागतात आणि त्या पाच मिनिटांत पुष्कळसे तर्क निकालात निघतात.

एक गोष्ट ह्या सर्वांच्या आधी पाहावी : ॲडाप्टर. राउटर दर तासाला आपोआप बंद होऊन सुरू होत असेल, तर तो फर्मवेअरचा दोष मानण्यापूर्वी तेवढ्याच व्होल्टचा आणि किमान तेवढ्याच अँपिअरचा दुसरा ॲडाप्टर लावून पाहावा. पावसाळ्यातील दमट हवा आणि वरचेवर जाणारी वीज ह्यांनी सर्वांत आधी थकतो तो हाच भाग.

फर्मवेअर बदलण्यापूर्वी

राउटर उलटा करून तळाचा कागद वाचावा. त्यावर प्रतिमानाचे नाव असते आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक असतो. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत पूर्णतः भिन्न चिप असू शकते. त्या मूळ डब्ल्यूआरटी ५४ जी राउटरचेच उदाहरण घ्या. त्याच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने स्मृती निम्मी केली आणि लिनक्सही काढून टाकले. लिनक्स हवे असलेल्यांसाठी नावाला 'एल' जोडलेले निराळे यंत्र काढावे लागले. म्हणून फर्मवेअरची फाईल नावासह आवृत्तीलाही जुळलीच पाहिजे.

दुसरे, यंत्राची ऐपत पाहावी. ज्या राउटरात केवळ ४ मेगाबाईट साठवण आणि ३२ मेगाबाईट स्मृती आहे, त्यांना ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्या पेलत नाहीत. किमान ८ आणि ६४ असावे. १६ आणि १२८ असल्यास उत्तम. तिसरे, चिप कोणाची आहे ते पाहावे. मीडियाटेक आणि क्वालकॉम ॲथेरॉस ह्यांच्या चिपना खुल्या फर्मवेअरचा आधार चांगला आहे. ब्रॉडकॉमच्या बहुतेक वायफाय चिपना तो अपुरा आहे. तेथे फर्मवेअर बसते, वायरने इंटरनेट चालते, परंतु वायफाय एकतर उमटत नाही किंवा अत्यंत मंद चालते. हा कोणी केलेला दोष नव्हे, त्या चिपची ती मर्यादाच आहे.

चौथे, बदल करताना वीज जाता कामा नये. राउटर आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत आणि काम वायफायने नव्हे, वायरने जोडलेल्या संगणकावरून करावे. फाईल उतरवल्यावर तिची पडताळणी-संख्या संकेतस्थळावरील संख्येशी ताडून पाहावी. कंपनीच्या फर्मवेअरवरून प्रथमच येताना 'फॅक्टरी' नावाची फाईल लागते; ओपनडब्ल्यूआरटीच्याच जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाताना 'सिसअपग्रेड' नावाची. पाचवे, प्रत्येक राउटरच्या साठवणीत त्याच्या रेडिओची कारखान्यात मोजलेली मापे लिहून ठेवलेली असतात आणि ती त्या एका यंत्रापुरतीच असतात. ती पुसली गेली तर वायफाय पूर्वीसारखे चालत नाही. म्हणून शक्य असेल तेथे त्या भागाची प्रत काढून जपून ठेवावी. आणि शेवटचे, हमीचा कालावधी शिल्लक असेल तर थांबावे. फर्मवेअर बदलल्यावर कंपनी हमी नाकारू शकते.

बदलल्यानंतर : वायरच्या बाजूच्या अडचणी

नवे फर्मवेअर बसले आणि इंटरनेट आले नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा पुढील चारांपैकी एक कारण निघते.

पहिले, पत्त्यांची टक्कर. ओपनडब्ल्यूआरटी स्वतःसाठी १९२.१६८.१.१ हा पत्ता घेते. अनेक फायबर मोडेमही तोच पत्ता घेऊन बसलेले असतात. एका चाळीत दोन खोल्यांना एकच क्रमांक दिला तर पोस्टमनची जी अवस्था होईल, तीच येथे होते. राउटरचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१०.१ असा बदलावा, की मार्ग मोकळा होतो.

दुसरे, ओळखक्रमांकाचे बंधन. ठाणे, कळवा, डोंबिवली ह्या पट्ट्यातील काही स्थानिक केबलसेवा ग्राहकाची जोडणी त्याच्या जुन्या राउटरच्या मॅक क्रमांकाशी बांधून ठेवतात. राउटर बदलला की सेवा बंद. नव्या राउटरच्या बाह्य जोडणीत जुन्याचा मॅक क्रमांक भरावा किंवा सेवा देणाऱ्याला सांगून नवा क्रमांक नोंदवून घ्यावा.

तिसरे, प्रवेशाची पद्धत. नाव आणि परवलीचा शब्द देऊन चालणाऱ्या जोडणीला 'पीपीपीओई' म्हणतात. नव्या फर्मवेअरमध्ये ती पद्धत हाताने निवडावी लागते. कित्येक सेवा त्याच्या जोडीला 'व्हीलॅन' नावाचा एक क्रमांकही मागतात. कंपनीच्या राउटरात तो आधीच भरलेला असतो, म्हणून आपल्याला ठाऊक नसतो. तेव्हा जुने फर्मवेअर काढण्यापूर्वी त्याच्या मांडणीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

चौथे कारण सर्वांत फसवे आहे. काही संकेतस्थळे उघडतात, काही अर्धवट उघडून थांबतात. वायरवरून एका वेळी १५०० बाईटांचे पुडके जाते. पीपीपीओई त्यांपैकी ८ बाईट स्वतःसाठी घेते, म्हणून १४९२ उरतात. १५०० चे पुडके ह्या दारातून आत येत नाही, आणि ते अडले आहे हा निरोपही कधी कधी वाटेतच हरवतो. म्हणून लहान पाने उघडतात आणि मोठी पाने लटकतात. जोडणीच्या मांडणीत एमटीयू १४९२ ठेवावे आणि फायरवॉलमध्ये बाहेरील जोडणीसाठी 'एमएसएस क्लॅम्पिंग' सुरू असल्याची खात्री करावी.

हवेच्या बाजूच्या अडचणी

ओपनडब्ल्यूआरटी प्रथमच बसवल्यावर बहुतेक यंत्रांत वायफाय बंदच असते. ते बिघडलेले नसते, मुद्दामच तसे ठेवलेले असते. परवलीचा शब्द नसलेले वायफाय जगापुढे उघडे राहू नये, म्हणून. वायरने आत जाऊन आधी प्रशासकाचा परवलीचा शब्द ठरवावा, नंतर देश म्हणून भारत निवडावा आणि मगच वायफाय सुरू करावे. देशाची निवड ही औपचारिकता नव्हे. कोणत्या लहरींवर, किती शक्तीने बोलण्यास मुभा आहे, हे त्यावरून ठरते. भारतात २.४ गिगाहर्ट्झची लहरपट्टी २००५ मध्ये परवानामुक्त झाली आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. देश चुकीचा निवडला तर नियमाचा भंग होतोच, शिवाय काही वाहिन्या मोबाईलला दिसत नाहीत.

कळव्यासारख्या ठिकाणी हवेतील गर्दी ही स्वतंत्र समस्या आहे. एकीकडे खाडी, दुसरीकडे पारसिकचा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत इमारतींना खेटून इमारती. एका खिडकीत उभे राहिले तरी मोबाईलवर शेजाऱ्यांच्या वायफायची वीस-पंचवीस नावे उमटतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये वाहिन्यांचे क्रमांक तेरा असले तरी एकमेकींच्या अंगावर न येणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. ह्या तिघींपैकी जिच्यावर गर्दी कमी असेल ती निवडावी आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केली तर वेग वाढेल असे वाटते, परंतु दाट वस्तीत ती शेजाऱ्यांचीही वाट अडवते आणि आपलीही.

राउटरची शक्ती वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने मोबाईलवर रेघा पूर्ण दिसतात आणि इंटरनेट मात्र चालत नाही. कारण हा संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. राउटरने ध्वनिक्षेपकावरून हाक मारली तरी मोबाईलचा आवाज तेवढाच राहतो आणि त्याचे उत्तर राउटरला ऐकूच जात नाही. जाड भिंतींच्या इमारतीत एका राउटरचा आवाज वाढवण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर एक साधा राउटर वायरने जोडणे कितीतरी अधिक उपयोगाचे. कपाटातील जुन्या यंत्रांना येथे काम मिळते. मात्र अशा दुय्यम राउटरांतील पत्ते वाटण्याची सोय बंद करावी. पत्ते वाटणारा सर्व इमारतीत एकच असावा.

वायर नेणे शक्य नसेल तेथे राउटर एकमेकांना हवेतून जोडता येतात. ह्या जाळीदार जोडणीला मेश म्हणतात. कर्जत तालुक्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' ह्या योजनेचा देशातील पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपांत असेच एकमेकांशी जुळून जाळे विणण्याची सोय होती. मेश उपयुक्त आहे, परंतु एकाच रेडिओवर चालल्यास प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. म्हणून वायर शक्य असेल तेथे वायरच घालावी.

आणखी दोन गोष्टी. राउटर सुरू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचे नाव मिनिटभर दिसत नसेल, तर तो बिघाड नव्हे. ५२ ते १४४ ह्या वाहिन्यांवर रडारही चालतात. तेथे बोलण्यापूर्वी राउटरला किमान एक मिनिट ऐकत राहावे लागते. हे टाळायचे असेल तर ३६ ते ४८ ह्यांतील वाहिनी घ्यावी. तसेच नवा राउटर जुन्या मोबाईलला आत घेत नसेल, तर सुरक्षेचा प्रकार पाहावा. केवळ डब्ल्यूपीए ३ ठेवले तर जुनी यंत्रे बाहेर राहतात. आई-वडिलांचे वापरून झालेले मोबाईल मुलांच्या हाती येतात, त्यांचा विचार करून डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र ठेवावे. त्यानेही न जमल्यास डब्ल्यूपीए २.

वसतिगृहाच्या दोन खास अडचणी

घरात सहसा न येणारी एक अडचण वसतिगृहात हमखास येते. वायफाय दिसते, परवलीचा शब्द बरोबर असतो, तरी मोबाईल 'आयपी पत्ता मिळवत आहे' असे म्हणत थांबतो. कारण असे की, राउटर प्रत्येक उपकरणाला एक पत्ता उसना देतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये असे १५० पत्ते असतात आणि प्रत्येक पत्ता बारा तासांसाठी दिला जातो. रविवारी पालक भेटीला आले, प्रत्येकाचा मोबाईल जोडला गेला, ते सायंकाळी निघून गेले, तरी त्यांचे पत्ते रात्रीपर्यंत अडकून राहतात. पंगतीतील ताटे उठून गेलेल्यांच्या नावाने मांडलेली राहावीत, तसे. उपाय सोपा आहे : मुदत दोन तासांवर आणावी, आणि जाळ्याची मर्यादा २५५.२५५.२५४.० करून पत्त्यांची संख्याही वाढवावी. मग पाचशेपर्यंत उपकरणे सामावतात.

येथेच एक सावधगिरी. काही ठिकाणी ठरावीक मोबाईलनाच प्रवेश देण्यासाठी मॅक क्रमांकांची यादी केलेली असते. अलीकडचे मोबाईल प्रत्येक वायफायसाठी आपला ओळखक्रमांक बदलून सांगतात. त्यामुळे मूळ क्रमांकाने नोंदवलेला मुलगा बाहेर राहतो आणि दोष राउटरला लागतो. अशा यादीपेक्षा मुलांचे, कार्यालयाचे आणि पाहुण्यांचे वायफाय वेगवेगळ्या नावांनी व परवलीच्या शब्दांनी ठेवणे अधिक सुरक्षित.

दुसरी अडचण न्याय्य वाटपाची आहे. एका मुलाने मोठा चित्रपट उतरवायला घेतला की शेजारच्या बाकावरील मुलीचा अर्ज 'सबमिट' वरच फिरत राहतो. मोजले तर वेग पुरेसा असतो. अडते ते रांगेमुळे. राउटर आणि मोडेम ह्यांत पुडक्यांची लांबलचक रांग साचते आणि अर्जाचे छोटेसे पुडके चित्रपटाच्या हजारो पुडक्यांमागे उभे राहते. ह्या दोषाला 'बफरब्लोट' असे नाव मिळाले. जिम गेटिस आणि डेव्ह टाट ह्यांनी त्याचा पाठपुरावा केला; कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन ह्यांनी २०१२ मध्ये रांग आटोक्यात ठेवण्याची एक पद्धत मांडली. तिच्यावर उभारलेली 'केक' नावाची सोय ओपनडब्ल्यूआरटीमध्ये मिळते. बाजारातील अनेक स्वस्त राउटरांत ती नसते.

ती लावण्याची रीत अशी : रात्री सर्व शांत असताना जोडणीचा वेग वायरने मोजावा, आणि एसक्यूएम ह्या विभागात त्याच्या सुमारे नव्वद टक्के आकडा भरावा. थोडा वेग आपण स्वखुशीने सोडतो. त्या मोबदल्यात रांग मोडेमऐवजी राउटरच्या ताब्यात येते. त्याच विभागात उपकरणनिहाय समान वाटप निवडले की जोडणी जोडलेल्या उपकरणांत सारखी विभागली जाते. चित्रपट थोडा मंदावतो, अर्ज मात्र पुढे सरकतो. जुन्या राउटरचा प्रक्रियक दुबळा असेल, तर मोठ्या वेगाच्या जोडणीत तो ह्या हिशेबातच दमतो. तेथे त्याला झेपेल एवढाच आकडा भरावा. ह्या लेखातील एकच गोष्ट कोणी अमलात आणायची म्हटली, तर ती ही असावी असे आम्ही सुचवू.

राउटर 'मेला' असे वाटते तेव्हा

चुकीची मांडणी केल्यामुळे राउटरमध्ये प्रवेशच मिळेनासा झाला, तर ओपनडब्ल्यूआरटीमध्ये 'फेलसेफ' नावाचा आडमार्ग आहे. राउटर सुरू होताना दिवा भराभर लुकलुकू लागला की त्याचे बटण दाबावे. संगणकाला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा आणि वायरने १९२.१६८.१.१ वर आत जावे. तेथून सर्व मांडणी पुसून यंत्र मूळ स्थितीत आणता येते.

फर्मवेअरच अर्धवट बसले असेल, तर कित्येक राउटर सुरू होताना क्षणभर वायरवरून नवी फाईल स्वीकारतात. ह्या मार्गाला टीएफटीपी म्हणतात, आणि कोणत्या पत्त्यावरून व कोणत्या नावाची फाईल लागते, ते त्या प्रतिमानाच्या पानावर ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर दिलेले असते. म्हणून ते पान काम सुरू करण्यापूर्वीच उतरवून ठेवावे. राउटर बंद पडल्यावर ते उघडणार कशावर? ह्या प्रकल्पाने २०२४ च्या अखेरीस 'ओपनडब्ल्यूआरटी वन' नावाचा स्वतःचा राउटर आणला, त्यात फर्मवेअरच्या दोन स्वतंत्र जागा ठेवल्या आहेत. एक बिघडली तरी दुसरीवरून यंत्र उठते.

कारण कळत नसेल, तेव्हा राउटरची दैनंदिनी वाचावी. मांडणीच्या पानावर ती 'सिस्टम लॉग' ह्या नावाने असते. कोणते उपकरण कधी जोडले, का नाकारले गेले, बाहेरची जोडणी कधी तुटली, हे सर्व तीत क्षणवार नोंदलेले असते. मात्र राउटर बंद केला की ही दैनंदिनी पुसली जाते. म्हणून आमची विनंती अशी की, राउटर बंद-चालू करण्यापूर्वी ते पान उघडून त्याचे छायाचित्र घ्यावे. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या जाणकारासाठी तोच एकमेव पुरावा असतो.

वही आणि कपाट

कोठारघरात आवक-जावकीची वही असते, दवाखान्यात रुग्णांची असते. तशी एक वही राउटरशेजारीही असावी. तीत प्रत्येक यंत्राचे प्रतिमान व आवृत्ती, फर्मवेअरचा क्रमांक, आतील पत्ता, निवडलेली वाहिनी, आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह लिहावा. परवलीचे शब्द मात्र त्या वहीत नव्हे, मुख्याध्यापकांच्या कुलुपात ठेवावेत. हे काम नववी-दहावीच्या दोन-तीन मुलामुलींकडे सोपवता येते. ती पुढे गेली की त्यांनी खालच्या वर्गातील दोघांना शिकवावे. एका जाणकार माणसावर अवलंबून असलेली व्यवस्था तो माणूस बदली होऊन गेला की कोसळते. वही आणि शिकवण्याची परंपरा असली की ती टिकते.

ओपनडब्ल्यूआरटीच्या मांडणीची पाने निरनिराळ्या भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीचाही समावेश आहे. त्या मराठीत भर घालण्यास पुष्कळ वाव आहे. आपल्या ज्या माजी विद्यार्थ्यांना दोन्ही भाषा येतात, त्यांनी हे काम घरबसल्या करावे. त्याचा लाभ सबंध महाराष्ट्रातील शाळांना होईल.

पालकांना आणि हितचिंतकांना एवढेच सांगावेसे वाटते. नवी जोडणी घेतल्यावर घरातील जुना राउटर भंगारात जाण्यापूर्वी त्याच्या तळाचा कागद वाचा. साठवण १६ मेगाबाईट, स्मृती १२८ मेगाबाईट आणि चिप मीडियाटेक वा क्वालकॉमची, असे असेल तर ॲडाप्टरसह ते यंत्र आपल्या जवळच्या वसतिगृहाच्या संगणक कक्षात आणून द्या. तेथे त्याला एखाद्या मजल्यावर जागा मिळेल, आणि त्या मजल्यावरील एखादी मुलगी आपला अर्ज मुदतीच्या आत पाठवू शकेल.